बाबत आणि हस्ते

नगरच्या दाळमंडईतील एका जुन्या घरात पावसाळा भिंतींतून आत येतो. खाली आडतीचे दुकान, वर राहते घर. आषाढातील पहिली मोठी सर ओसरली, की माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरवायच्या आणि त्यांतील कपडे, कागद, वह्या पंख्याखाली पसरायच्या, असा त्या घरचा रिवाज. गेल्या आषाढात अशाच एका पेटीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले दीडशेहून अधिक फोटो निघाले. काही नक्षीदार कडांचे कृष्णधवल, काही पिवळसर पडलेले रंगीत, काही चिकट पानांच्या अल्बममध्ये असे रुतलेले, की सोडवताना त्यांची कातडी निघावी.

घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंना आश्विन वद्यात ऐंशी वर्षे पूर्ण होणार होती. त्यांच्या थोरल्या सुनेने ठरवले की या फोटोंचे स्क्रॅपबुक करावे. लेक न्यू जर्सीत, पुतणे पुण्यात आणि दुबईत. सर्वांना एकेक प्रत देता येईल. तिने पुण्याहून रंगीत जाड कागद, सोनेरी किनारीच्या पट्ट्या, फुलापानांची चित्रे आणि छापील मजकुराच्या चिकटपट्ट्या मागवल्या. ‘गोड आठवणी’, ‘सोनेरी क्षण’, ‘आमचे सुखी कुटुंब’. पंधरा दिवसांत अकरा पाने तयार झाली आणि एका संध्याकाळी, चौविहाराचे जेवण आटोपल्यावर, ती बाईंच्या मांडीवर ठेवण्यात आली.

बाईंनी भिंग घेऊन पाने सावकाश उलटली. नंतर विचारले, “सुरेख झालंय. पण हे आहे कुणाचं?”

“आपलंच, बाई.”

“ते मला कळतंय. हे घर सोडून दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला कळेल का? ‘गोड आठवणी’ म्हणजे कुणाच्या, कधीच्या, कुठल्या? तुझ्या सासऱ्यांच्या वहीत मुनीमजींनी अशी नोंद केली असती, तर दुसऱ्या दिवशी त्यांना गादीवर बसू दिलं नसतं.”

सुनेला प्रथम वाईट वाटले. पण उपमा तिच्या मनातून जाईना, कारण ती ज्या घरात वाढली आणि ज्या घरात आली, त्या दोन्ही घरांत नोंद कशी असावी हे कुणी वेगळे शिकवावे लागत नसे. रोजमेळात नुसती रक्कम लिहून भागत नाही. मिती हवी, नाव हवे, जमा की नावे ते हवे. रक्कम कशापोटी, हे ‘बाबत’ या शब्दापुढे येते. आणि ती कुणाच्या हातून आली अथवा गेली, हे ‘हस्ते’पुढे. पैसे एकाचे असतात, आणून देणारा दुसराच असतो, आणि वाद उद्भवलाच तर त्या दुसऱ्याचेच नाव उपयोगी पडते. ‘किरकोळ’ हे खाते प्रत्येक पेढीत असते खरे. पण त्यात फार रक्कम साचू लागली, की जाणता मालक वही मागवून घेतो. तिने आपली अकरा पाने पुन्हा पाहिली. आठ पाने किरकोळ खात्यात गेलेली होती.

व्यापारी घरांची ही गंमतच म्हणावी लागेल. पै-पैचा हिशेब पिढ्यानुपिढ्या लिहिणाऱ्यांनी माणसांची नोंद मात्र बहुधा दुसऱ्यांवर सोपवली. वंशावळी कुलगुरूंच्या आणि भाटांच्या वहीत राहिल्या. दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी आणि अभयकुमाराची बुद्धी मागायची. दुसऱ्या पानापासून तूर, हरभरा आणि ज्वारी. वही लिहिणाऱ्याला त्या दिवशी मुलगा झाला असला, तरी वहीत त्याचा पत्ता लागतो तो पेढे वाटल्याच्या खर्चावरून.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्यातलाच आहे. जौनपूरला १५८६ साली जन्मलेला श्रीमाळ जैन व्यापारी बनारसीदास याने १६४१ साली आग्ऱ्यात ‘अर्धकथानक’ लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरून पंचावन्नाव्या वर्षी लिहिलेली म्हणून ती ‘अर्धी’ कथा. पावणेसातशे पद्यांच्या या पुस्तकाला भारतीय भाषांतील पहिल्या आत्मचरित्रांत मानाचे स्थान दिले जाते. पण साध्या वाचकाला त्यातले पांडित्य भावत नाही. भावतो तो त्यातला कचोरीवाला. व्यापारात बुडालेला बनारसीदास आग्ऱ्यात उधारीवर कचोऱ्या खात असे. एके दिवशी त्याने होऊन सांगितले की, आपल्याजवळ पैसे नाहीत, पुढे उधार देऊ नकोस. कचोरीवाल्याने त्याला खुशाल खात राहण्यास सांगितले, आणि ते खाते कित्येक महिने चालले. अकबराच्या मृत्यूची वार्ता ऐकून आपण जिन्यावरून कसे कोसळलो, तरुणपणी रचलेले शृंगारकाव्य गोमतीत कसे फेकले, नऊ अपत्ये झाली आणि नऊही कशी गेली, हे सारे त्याने लिहिले. शेवटी आपले गुण लिहिले आणि लगेच आपले दोषही लिहिले. दोन्ही बाजू मांडल्यावाचून हिशेब मिटत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नसावे.

सुनेने सोनेरी पट्ट्या डब्यात ठेवल्या आणि नव्याने आरंभ केला. यावेळी एका शाळकरी वहीत प्रत्येक फोटोला क्रमांक देऊन चार गोष्टी लिहायच्या: कोण, कधी, कुठे आणि कशाबद्दल. पाचवी गोष्ट ‘हस्ते’. फोटो कुणी काढला?

या पाचव्या प्रश्नाने तिला पहिल्याच आठवड्यात चकित केले. १९६०च्या दशकातील चाळीसेक चौकोनी फोटोंत सासरे कुठेच नव्हते. बाई होत्या, मुले होती, घोडागाडी होती, ओसरीवर वाळत घातलेले पापड होते. घरचा कर्ता पुरुष गायब. बाई हसून म्हणाल्या, “त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलात बारा फोटो. सगळे त्यांनीच काढलेत, मग ते दिसणार कसे?” एका फोटोच्या कोपऱ्यात, ऊन पाठीशी असल्यामुळे, जमिनीवर एक लांब सावली पडली आहे: दोन कोपर बाहेर काढून डोळ्यांशी काही धरलेल्या माणसाची. त्या फोटोखाली सुनेने लिहिले की ही सावली कुणाची आहे. आधीच्या अकरा पानांत तीच कड तिने सरळ दिसावी म्हणून कापून टाकली होती. नशिबाने तो तुकडा कचऱ्यात गेलेला नव्हता.

कधी, हा प्रश्न सर्वांत अवघड. वर्ष कुणालाच आठवत नाही, प्रसंग आठवतात. दुष्काळाच्या आधी की नंतर, म्हणजे १९७२. आचार्य आनंदऋषीजी महाराज नगरलाच देवलोकी गेले त्याच्या आधी की नंतर, म्हणजे १९९२. थोरल्याच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा की धाकट्याच्या. दुकानाच्या ओट्यावरचा एक फोटो तर बाई या घरात येण्यापूर्वीचा, त्यामुळे सांगणारे कुणीच उरले नव्हते. पण ओट्यावर भावाची पाटी होती. भिंगातून पाहिले तर तीत आणे आणि शेर. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, किलोची वजने त्यानंतरच्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने. ओट्यावर अर्ध्या चड्डीत उभा असलेला मुलगा म्हणजे १९४० साली जन्मलेले सासरे; चेहऱ्यावरून वय चौदा-पंधरा. तेव्हा ‘बहुधा १९५४ ते १९५६’ अशी नोंद झाली. हा ‘बहुधा’ फार उपयोगी शब्द आहे. कच्च्या वहीत जसे असते तसे ते पेन्सिलीने लिहिलेले उत्तर. पुढे कुणाला पुरावा मिळाला तर पक्के करावे.

पेन्सिलीची गोष्ट निघालीच आहे तर सांगितले पाहिजे: फोटोच्या पाठीवर बॉलपेनने कधीही लिहू नये. दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई काही वर्षांनी दुसऱ्या फोटोवर उतरते. मऊ शिशाची पेन्सिल, हलका हात, तोही कडेला. चिकट पानांचे अल्बम तर घरातून शक्य तितक्या लवकर बाहेर काढावेत. त्यांतला गोंद फोटो पिवळा करतो. जुन्या काळ्या कागदाच्या अल्बममधले कोपरे, ज्यांत फोटो नुसता खोचून बसतो, त्यांनीच सर्वांत कमी नुकसान केले आहे. सुनेने तसेच कोपरे मागवले.

मग आल्या बायका.

१९६५च्या सुमाराच्या एका लग्नातला फोटो. ओळीने आठ स्त्रिया, डोक्यावर पदर, निम्म्यांचे चेहरे अर्धेच दिसतात. पाठीवर सासऱ्यांच्या अक्षरात पुरुषांची नावे आणि त्यांच्यापुढे ‘यांचे कुटुंब’. आठही जणींचे एवढेच. सुनेने बाईंना नावे विचारली तेव्हा बाईंनी पाच सांगितली. तीन जणींना त्या आयुष्यभर नात्यानेच हाक मारीत आल्या होत्या. आणि सांगितलेली पाचही सासरची नावे निघाली. लग्नात नाव बदलण्याची चाल होती, माहेरचे नाव माहेरीच राहिले.

“तुमचं माहेरचं नाव काय, बाई?” सुनेने विचारले. चौतीस वर्षे एका घरात राहून हा प्रश्न तिने प्रथमच विचारला होता.

बाईंनी नाव सांगितले. घरात ते कुणालाही ठाऊक नव्हते, त्यांच्या मुलांनाही. काही क्षणांनी त्यांनी ते पुन्हा एकदा, जरा मोठ्याने उच्चारले, जणू बरोबर वाजते का ते पाहावे.

पाटण, खंभात, जैसलमेर येथील ज्ञानभांडारांतील जुनी हस्तलिखिते ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ग्रंथाच्या शेवटी येणाऱ्या प्रशस्ती ठाऊक असतील. हा ग्रंथ कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणत्या श्रावकाने कुणाच्या श्रेयार्थ लिहवून घेतला, हे त्यांत सांगितलेले असते. आणि त्या श्रावकाच्या घरच्या माणसांत त्याची आई, पत्नी, सुना आणि मुली यांची नावे कित्येकदा नीट लिहिलेली आढळतात. शतकांपूर्वी ताडपत्रावर ज्या गोष्टीला जागा होती, तिला १९६५ साली फोटोच्या कोऱ्या पाठीवर जागा नव्हती, असे तर म्हणता येणार नाही. मधल्या काळात सवय गेली. सुनेने मग नियमच केला: प्रत्येक स्त्रीचे सासरचे नाव, माहेरचे नाव, माहेरचे गाव. ज्या तीन जणींची नावे मिळाली नाहीत, त्यांच्या जागी रेघ मारून जागा मोकळी ठेवली. त्यांतली दोन नावे पुढे फोनवर फोन करून मिळाली. तिसरी रेघ अजून तशीच आहे.

पर्युषणाच्या आधी, श्रावणात, वर्षीतपाच्या पारण्याचा फोटो हाती आला. १९८३ची अक्षयतृतीया. चौरंगावर बाई बसलेल्या, अंगावर केशरी साडी, हातात उसाच्या रसाचा चांदीचा पेला. सुनेने लिहून ठेवले होते: ‘वर्षीतपाचे पारणे. बाई आनंदात आहेत.’ बाईंनी ते ऐकून मान हलवली. “आनंदात आहे ते दिसतंच की. न दिसणारं लिही.”

न दिसणारे पुष्कळ होते. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणे, असे तेरा महिने. आणि त्या काळात घरात चौदा माणसे. उपवासाच्या दिवशीही फुलके बाईंच्याच हातचे, कारण सासऱ्यांना दुसऱ्या कुणाचे चालत नसत. ते सांगताना बाईंच्या स्वरात तक्रार नव्हती, थोडा अभिमानच होता. मग त्या म्हणाल्या, “पण पाणी माझं नव्हतं. पहाटे उठून पाणी उकळायचं, दोन परातींत ओतून निववायचं, गाळून माठात भरायचं, हे रोज धाकट्या जाऊबाईंनी केलं. तेरा महिने. एक दिवस चुकला नाही. त्यांना तेव्हा लहान मूल होतं.”

सून लिहिता लिहिता थांबली. ती या घरात आली १९९० साली. बार्शीला सासऱ्यांचे धाकटे भाऊ आहेत, त्यांचे वेगळे दुकान आहे, एवढेच तिला माहीत होते. घरच्या लग्नाची पत्रिका त्यांना टपालाने जाई, हातोहात नाही. आणि टपालाने गेलेल्या पत्रिकेचा अर्थ या समाजात कुणी समजावून द्यावा लागत नाही. १९८५ साली वाटण्या झाल्या होत्या. कशावरून, हे घरात बोलले जात नसे. दीर गेले तेव्हा बाई बार्शीला जाऊन आल्या, पण त्याच संध्याकाळी परतल्या. पुढे सासरेही गेले.

“लिही,” बाई म्हणाल्या. “हस्ते धाकट्या जाऊबाई.” आणि थोड्या वेळाने, “ओट्यावरचा मोठा फोटो निघाला का गं पेटीत? सगळ्यांचा?”

निघाला होता. सुनेने तो मुद्दाम बाजूला ठेवला होता. स्टुडिओवाल्याने घरी येऊन, तिवईवर कॅमेरा लावून काढलेला, चांगल्या जाड कागदावरचा फोटो. मध्यभागी सासरे, डावीकडे बाई, पुढे मुले. उजवी बाजू मात्र कात्रीने सरळ कापलेली. कापणाऱ्याने काळजीपूर्वक काम केले होते, तरी एक गोष्ट काढता आली नव्हती: सासऱ्यांच्या उजव्या खांद्यावर चार बोटे होती. हात नाही, मनगट नाही, नुसती चार बोटे.

सुनेचे मत होते की हा फोटो घेऊ नये. वाढदिवसाचा प्रसंग, परदेशातली मुले पाहणार, कशाला जुनी गोष्ट उकरायची? घ्यायचाच तर ‘कुटुंबासमवेत’ एवढे लिहावे. हे मत चुकीचे म्हणता येत नाही. पुष्कळ घरांत असे फोटो असतात आणि पुष्कळ घरांनी हाच मार्ग पत्करला आहे. तिने तो फोटो बाईंसमोर ठेवला आणि आपले म्हणणे सांगितले. बाई काही बोलल्या नाहीत. भिंग त्यांनी त्या दिवशी घेतले नाही. फोटो चार दिवस त्यांच्या सामायिकाच्या आसनाजवळच्या कपाटात राहिला.

पाचव्या दिवशी त्यांनी सुनेला बोलावले. “मुनीमजींच्या हातून चूक झाली तर ते काय करायचे, पाहिलंयस?”

“उलट नोंद करायचे.”

“खोडायचे का?”

“नाही. खाडाखोड केली तर वहीच खोटी ठरते.”

“आणि पान फाडलं तर?”

सुनेने उत्तर दिले नाही.

“ही कात्री माझी आहे,” बाई म्हणाल्या. “तुझ्या सासऱ्यांना वाटत होतं मुलांनी कापला. त्यांना मी सांगितलं नाही. आता लिहून घे.”

मजकूर ठरायला दोन दिवस लागले. पहिल्या खेपेला बाईंनी सांगितलेले दोन पाने भरले. वाटण्यांत कुणाच्या वाट्याला काय आले, कोण काय बोलले, कोणत्या नातलगाने आगीत तेल ओतले. सुनेने ते सर्व लिहून घेतले आणि वाचून दाखवले. ऐकताना बाईंच्याच लक्षात आले की त्यात एक गडबड आहे. दुसऱ्यांनी काय केले ते पाऊण पान जास्त होते. “हे त्यांच्या खात्यावरचं आहे,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या वहीत असू दे. माझ्या वहीत माझ्या हस्ते झालं तेवढं ठेव.” प्रतिक्रमणात बसणारा माणूस शेजाऱ्याचे दोष आठवत बसत नाही, निदान बसू नये. वाटण्यांचा तपशील वगळल्यावर चार ओळी राहिल्या:

‘घराच्या ओट्यावर, १९७८. या फोटोची उजवी बाजू मी १९८५ साली कात्रीने कापली. त्या बाजूला माझे धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले होती. यांच्या खांद्यावरचा हात दिरांचा आहे. मी हे रागात केले, आणि नंतर सांगण्याचे धैर्य झाले नाही.’

खाली बाईंनी आपल्या हाताने सही केली. सासरचे नाव, आणि त्याखाली माहेरचे.

संवत्सरी जवळ आली होती. ‘खमतखामणा’ बार्शीला दरवर्षी जातच असे. पूर्वी छापील कार्ड, अलीकडे मोबाईलवर दिव्याचे आणि कमळाचे चित्र. सुनेच्या फोनमध्ये दोनशेवर क्रमांकांची यादी होती. त्यांत बार्शीचाही एक. एका स्पर्शात सर्वांकडे ‘मिच्छामि दुक्कडम्’ पोहोचे आणि तिकडूनही तसेच एखादे चित्र येई. त्याही सोनेरी पट्ट्याच होत्या, फक्त चिकटवाव्या लागत नव्हत्या. यंदा बाईंनी सांगितले की त्या पानाची छायाप्रत काढ, पाकिटात घाल आणि जाऊबाईंच्या नावाने पाठव. सोबत पत्र नको. वर्षीतपाच्या पानाचीही एक प्रत घाल, पाण्याची ओळ आहे ते.

भाद्रपद शुद्ध पंचमी गेली. दोन आठवडे काहीच आले नाही. सुनेला वाटले, नको तेच झाले. बाई स्वतः काही विचारीत नसत. पण दुपारी कुरिअरवाल्याची मोटारसायकल खाली थांबली, की त्यांची जपमाळ थांबे.

पितृपंधरवड्याच्या सुमाराला बार्शीहून जाड पुठ्ठ्याचे पाकीट आले. आत तोच फोटो होता, अखंड, रंगीत छायाप्रतीवर उतरवलेला. स्टुडिओवाल्याने त्या वेळी दोन प्रती दिल्या होत्या, दोन्ही भावांना एकेक. बाई ते विसरूनच गेल्या होत्या. सोबत वहीच्या रेघांच्या कागदावर जाऊबाईंचे पत्र, वय झालेल्या हाताचे, मारवाडी आणि मराठी एकत्र मिसळलेले. त्यात क्षमेचा किंवा रागाचा शब्द नव्हता. होत्या त्या दुरुस्त्या.

फोटो १९७८चा नाही, १९७९चा आहे. धाकट्याच्या जडुल्यासाठी सारे ओसियाला जायला निघाले होते, त्याच्या आदल्या दिवशीचा. बाईंच्या अंगावरची साडी त्यांची स्वतःची नव्हे, जाऊबाईंची आहे. बाईंच्या साडीवर त्या सकाळी कुणा मुलाने दूध सांडले होते. आणि खांद्यावरचा हात दिरांचा नाही. दीर एका हाताने धाकट्याला सांभाळत होते आणि दुसऱ्या हातात टोपी होती. हात आहे थोरल्या मुलाचा. तो अकरा वर्षांचा होता, मागे स्टुलावर उभा होता, आणि पडू नये म्हणून त्याने मोठ्या बाबांचा खांदा धरला होता. तो आता दुकान पाहतो. त्याला हे पान वाचून दाखवले.

सुनेने भिंग घेऊन कापलेल्या फोटोवर ती चार बोटे पुन्हा पाहिली. बारीक होती. मुलाचीच होती. इतके महिने पाहून कुणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण बाईंनी सांगितल्यावर कुणी निरखलेच नव्हते.

आता पानाचे काय करावे, हा प्रश्न आला. अखंड फोटो मिळाला, मग कापलेला काढून तो लावावा आणि मजकूर नव्याने लिहावा, असे पुण्याच्या पुतण्याने सुचवले. बाईंनी नकार दिला. पहिला मजकूर तसाच राहिला, चुकीच्या वर्षासकट आणि चुकीच्या हातासकट. त्याखाली सुनेने ‘दुरुस्ती’ असे लिहून जाऊबाईंचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवले, आणि पुढे ‘हस्ते’ म्हणून त्यांचे नाव. दोन फोटो एका पानावर मावेनात, तेव्हा तिने कागदाला एक घडी जोडली. पान उघडले की कापलेला फोटो दिसतो. घडी उलगडली की उजवीकडे उरलेले चार जण येतात. घडीचा कागद जरा जाड झाला आहे आणि वही त्या ठिकाणी नीट मिटत नाही.

वाढदिवसाला बार्शीहून कोण आले, कोण आले नाही, हे त्या दोन घरांचे आहे. वह्या मात्र पाच झाल्या. चार ठरल्या होत्या. पाचवी हातोहात पोहोचवली गेली.

न्यू जर्सीच्या लेकीला तिची प्रत दिवाळीनंतर मिळाली. रात्री उशिरा तिचा फोन आला. घडीचे पान तिने कितीतरी वेळा उघडमिट केले होते. आजीला काय विचारावे, हे तिला सुचत नव्हते, म्हणून तिने आईला एकच गोष्ट विचारली, “आई, जडुला म्हणजे काय?”

सून उठली. दिवा लावून तिने घरातली प्रत काढली, पेन्सिलीला टोक केले आणि दुरुस्तीच्या शेवटी उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहू लागली: जडुला म्हणजे जावळ. मुलाचे पहिले केस. ते कुलदेवीसमोर उतरवतात. त्या वर्षी गाडी चुकली होती, असे बाई सांगतात; पण ते त्यांना अजून एकदा विचारायचे आहे.